घर्षणासह अँटॉप हिल

विज्ञानाच्या पुस्तकातला ठोकळा हा जगातला सर्वांत सुखी प्रवासी आहे. गुळगुळीत पृष्ठभागावर तो एकटाच असतो. त्याच्या अंगाला एक बाण लावला की तो मुकाट्याने बाणाच्या दिशेने निघतो. त्याला सुटे पैसे काढावे लागत नाहीत आणि पोचल्यावर कुणी "एवढा उशीर?" असंही विचारत नाही.

या ठोकळ्याने माझ्या भाचीचे सहामाहीत मार्क खाल्ले होते. सातवीच्या 'गती, बल व कार्य' या धड्यात. दिवाळीच्या सुट्टीत मी अँटॉप हिलला आत्याकडे फराळ घेऊन निघालो, तेव्हा ताईने एका हातात पिशवी दिली, दुसऱ्या हातात भाची दिली आणि म्हणाली, "जाता जाता तेवढा धडा समजावून टाक."

दादर टीटीला बेस्टची एसी बस मिळाली. मे २०२५ मध्ये या बसचं किमान भाडं ६ रुपयांवरून १२ झालं. "याला म्हणतात त्वरण," मी सुरुवात केली.

"मामा, त्वरण म्हणजे दर सेकंदाला वेगात होणारा बदल. बसचा वेग तोच आहे."

मी विषय बदलला. स्पर्श न करता काम करणारी बलं पुस्तकात तीन दिली आहेत: गुरुत्वीय, चुंबकीय आणि स्थितिक विद्युत. चौथं बेस्टच्या कंडक्टरकडे असतं. मागच्या दारापाशी उभं राहून त्यांनी "चला पुढे, पुढे सगळं रिकामं आहे" एवढंच म्हटलं आणि माणसांची अख्खी भिंत वीतभर सरकली. पुढे रिकामं काहीच नव्हतं, पण त्याने बलाच्या परिणामात फरक पडला नाही.

माहेश्वरी उद्यानाच्या सिग्नलला ड्रायव्हरने ब्रेक मारला. बस थांबली. मी थांबलो नाही. मी पिशवीसह एका गृहस्थांच्या पायावर जाऊन स्थिरावलो.

"जडत्व," मी भाचीला म्हणालो. "गतीत असलेली वस्तू गतीतच राहू पाहते. न्यूटनने १६८७ मध्येच लिहून ठेवलंय."

"मग न्यूटनला सांगा ना दांडा धरायला," गृहस्थ पाय चोळत म्हणाले.

अँटॉप हिलला उतरलो आणि समोर न्यूटनच्या पहिल्या नियमाचा उरलेला अर्धा भाग दिसला: स्थिर वस्तू स्थिरच राहते. खांबांवर मोनोरेलची तुळई एका रेषेत निघून गेलेली आणि तिच्यावर एकही गाडी नाही. २०१४ मध्ये चेंबूर ते वडाळा धावू लागलेली आणि २०१९ मध्ये अँटॉप हिल, आचार्य अत्रे नगर करत संत गाडगे महाराज चौकापर्यंत पोचलेली ही मोनोरेल २० सप्टेंबर २०२५ पासून सुधारणांसाठी बंद होती.

"हिलाच ना रे शिड्या लावल्या होत्या?" भाचीने विचारलं.

हिलाच. त्याच वर्षी १९ ऑगस्टला पावसाने हार्बर लोकल बंद पडली आणि लोक मोनोत घुसले. गाडीची क्षमता १०४ टनांची, भार झाला १०९ टन. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) सांगितलं की, जादा भारामुळे वीज देणारी पट्टी आणि वीज घेणारा भाग यांचा संपर्क तुटला. गाडी म्हैसूर कॉलनीजवळ अधांतरी उभी राहिली आणि अग्निशमन दलाने ५८२ प्रवासी शिड्यांवरून उतरवले.

भाचीला कळवळा आला, पण विद्यार्थिनीचा. "वजन टनात सांगतात? टन म्हणजे वस्तुमान. वजन न्यूटनमध्ये सांगायचं." तिने मोबाइलवर गुणाकार केला. १०९ टन म्हणजे १०,६८,२०० न्यूटन. जादाचे ५ टन म्हणजे ४९,००० न्यूटन. मी मनात दुसरा हिशेब केला: सरासरी ६५ किलो धरले तर ही सत्त्याहत्तर माणसं. त्यातला प्रत्येक जण दारात "एकाने काय होतंय, जरा सरका" एवढंच म्हणाला असणार. पुस्तकात बलांची बेरीज शिकवतात, ती याचसाठी.

पुढे चढावर एक हातगाडी अडली होती. गाडीवर लोखंडी कपाट. एक जण ओढत होता, दोघे ढकलत होते आणि बाकीचा रस्ता "डावीकडे घ्या", "अरे, उजवीकडे", "आधी मागे घ्या" असं सांगत होता. बलाला परिमाण आणि दिशा दोन्ही असतात. इथे परिमाण तिघांकडे होतं, दिशा सगळ्यांकडे.

"घर्षण नसतं तर गाडी पटकन गेली असती ना?" भाची म्हणाली.

"गेली असती, पण खाली. ढकलणाऱ्यांच्या चपला रस्त्याला धरून आहेत त्या घर्षणामुळेच." तेवढ्यात गाडी मागे यायला लागली. ज्याच्या सल्ल्याकडे कुणी लक्ष देत नव्हतं, त्यानेच धावत जाऊन चाकामागे दगड सरकवला. ठोकळ्याला हे सुख कुठलं! तो घसरला तर एकटाच घसरतो.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत शिरेपर्यंत माझा खांदा निखळायला आला होता. "आज केवढं कार्य केलं मी," मी म्हणालो.

"बसमध्ये पिशवी धरून उभा होतास, तेव्हा पिशवी वर गेली का? नाही. सपाट रस्त्यावर चाललास, तेव्हा बल वर आणि विस्थापन आडवं. म्हणजे पिशवी उचलून धरण्याचं कार्य शून्य." मग दया येऊन ती म्हणाली, "चढावरचं थोडं धरूया." बल भरपूर, घाम भरपूर आणि कार्य शून्य! सरकारी फायलीला हे सूत्र चपखल बसतं, असं माझ्या जिभेवर आलं होतं. पण आत्तेभाऊ केंद्र सरकारात आणि जेवण त्याच्याच घरी, म्हणून ते गिळलं.

जिना चढताना मात्र मी मोठ्या आनंदाने कार्य केलं.

आत्याने चकल्यांचा डबा, लाडवांचा डबा, चिवड्याची पिशवी रिकामी करून घेतली आणि स्वयंपाकघरात गेली. रिकामा डबा परत द्यायचा नाही, हा तिचा धर्म. बाहेर आली तेव्हा माझ्या त्याच डब्यांत तिच्या करंज्या, अनारसे आणि शंकरपाळे होते. पिशवी उचलून पाहिली. वजनात तोळ्याचाही फरक नव्हता.

"बघ," मी भाचीला म्हणालो, "प्रत्येक क्रियेला समान आणि विरुद्ध दिशेची प्रतिक्रिया. दोन्ही वेगवेगळ्या वस्तूंवर होतात, म्हणून एकमेकींना खोडत नाहीत. आपला फराळ आत्याच्या पोटात, आत्याचा आपल्या."

"हा नियम आम्हाला नाही," भाची करंजी तोडत म्हणाली, "तो नववीला आहे."

"नववीला?" आत्या म्हणाली. "मग तोपर्यंत काय डबे रिकामे पाठवायचे?"