दुलईचे कारभारी

ज्यांची उमेदीची वर्षे ग्वाल्हेर संस्थानच्या माल खात्यात गेली, आणि १९४८ साली ते संस्थान मध्यभारतात विलीन झाल्यानंतर ज्यांच्या पदरी पेन्शनीखेरीज दुसरा अधिकार उरला नाही, अशा मराठी गृहस्थांचा एक वर्ग एके काळी उज्जैनच्या माधव नगरात नांदत असे. खाते गेले तरी कारभार अंगातून जात नाही. सबब दिवाळी सरून माळव्याची थंडी जाणवू लागताच, मोजणीस जमीन नाही म्हणून हे गृहस्थ घरातील दुलईची मोजणी काढीत.

वस्तुतः दुलई शिवते ती पत्नी. तिचे शिवणयंत्र सदरे, परकर, पोलकी यांच्याकरिता घडलेले. सुईपासून यंत्राच्या खांबापर्यंत त्यात जेमतेम सात-आठ इंचांची वाट, आणि दुलई दोघांच्या पलंगाची, म्हणजे चांगली नव्वद इंच रुंद. अर्धी दुलई गुंडाळून त्या खिंडीतून पार नेणे हा पत्नीच्या दृष्टीने कष्टाचा प्रश्न असतो, यजमानांच्या दृष्टीने बंदोबस्ताचा. अस्तर, कापूस आणि वरचे कापड असे तीन थर माजघरात पसरले की ते गुडघ्यांवर रांगत खडूने हद्दी आखतात, आणि चौकटींची रुजुवात होईपर्यंत कोणी त्यावर पाऊल ठेवू नये असा हुकूम सोडतात. मांजर तो मानीत नाही.

त्यांचे ज्ञान खोटे असते असे मुळीच नाही, आणि खरी अडचण तीच आहे. हाताने गोधडी घालताना कडेपासून आत यावे, परंतु यंत्रावर मध्यापासून कडेकडे जावे. कारण यंत्राचे दाते खालचे अस्तर पुढे ओढतात, वरचा दाब वरच्या कापडास अडवून धरतो, आणि या ओढाताणीत पडणाऱ्या चुण्यांना बाहेर निसटण्यास वाट लागते, हे ते निर्दोष सांगतात. टाका लांब ठेवावा, सुई सोळा नंबरची घालावी, कच्चे टाके आधी घालून थर जखडावेत, हेही सांगतात. सांगतात मात्र यंत्र चालू असताना. लोंबत्या दुलईच्या ओढीने सुई वाकू नये म्हणून तिचा भार खांद्यावर पेलण्याचे काम त्यांनी स्वतःकडे ठेवलेले असते. परंतु विवेचन रंगात आले की त्यांना दोन्ही हात मोकळे लागतात.

"अहो, जरा धरता ना?" एवढे शब्द पुरे होण्यापूर्वीच सुई मोडते. लगेच चौकशी बसते, जबान्या होतात, आणि यंत्रास वेळेवर तेल न दिल्याचा ठपका, यंत्राला बोलता येत नसल्यामुळे, पत्नीवर येतो. तोच ओळीच्या ऐन मध्यावर बॉबिनमधला दोरा संपतो, आणि हा विषय नव्या तपशिलासह पुन्हा दाखल होतो.

दुपारी ते वामकुक्षीस जातात तेव्हा उशांच्या आणि खुर्चीच्या आधाराने ती बाई निमूटपणे चार-पाच ओळी काढते. संध्याकाळी त्या ओळी पाहून यजमान आपल्या आखणीवर संतुष्ट होतात, आणि बाई ते खोडून काढीत नाही; संसार तिनेही पुष्कळ वर्षे केलेला असतो. या हिशेबाने दुलई हाती येते ती बहुधा होळीच्या सुमारास. तेव्हा पौषात अशा घरी मुक्कामास जाणे झाल्यास पांघरूण आपले आपण न्यावे, आणि कृपा करून यजमानांस दुपारी झोपेतून उठवू नये.