प्राकृताचे गुरुजी

जुन्नर-आंबेगावात निवृत्त गुरुजी तीन प्रकारचे आढळतात: पतसंस्थेतले, हरिनाम सप्ताहातले आणि प्राकृतातले. हा तिसरा प्रकार बिबट्यांनी जन्माला घातला. अंधारात उसाच्या कडेनं फिरायची सोय उरली नाही, तेव्हा गुरुजींनी घरात बसून ब्राह्मी अक्षरं गिरवायला घेतली.

लिपी आली, मग भाषा. इथं झेडपीची उभी नोकरी आडवी आली. पहाटे वररुचीचा ‘प्राकृतप्रकाश’, दुपारी विभक्तीचे तक्ते, शनिवारी उजळणी. सहामाही परीक्षासुद्धा होते. गुरुजी पेपर स्वतः काढतात, स्वतः सोडवतात, लाल शाईनं तपासतात आणि स्वतःला ग्रेसचे गुण द्यायला ठाम नकार देतात.

रविवारी नाणेघाट. राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांची आणि दक्षिणेची यादी आहे. गुरुजी आधी आकडे गाठतात, कारण आकड्यांची विभक्ती चालवावी लागत नाही. हजारांनी गायी, शिवाय हत्ती, घोडे, कार्षापण. काकूंनी एकदाच विचारलं, “एवढ्या गायी वाटल्या, वैरण कुणी घातली?”

“तेवढा भाग फुटलाय,” गुरुजी म्हणाले.

जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनानं पाण्याची दोन टाकी दान दिल्याचं कोरलंय, तेही प्राकृतात. गुरुजींना या इरिलाचा हेवा वाटतो. परमुलखातून आलेला माणूस. ना तक्ते, ना उजळणी, बाजारात घासाघीस करतच शिकला असणार. “व्याकरण कच्चं असेल,” अशी ते स्वतःची समजूत घालतात.

खरी गोम पुढं आहे. हाल सातवाहनाच्या ‘गाथासप्तशती’चा स. आ. जोगळेकरांचा १९५६ सालचा जाडजूड ग्रंथ त्यांनी ‘केवळ संदर्भासाठी’ मिळवला. सातशे गाथा, बऱ्याचशा शृंगाराच्या! तक्त्यांपुढं पेंगणारे गुरुजी गाथा उघडली की ताठ बसतात. विभक्त्या पक्क्या झाल्या त्याही इथंच, पण हे वाचन वेळापत्रकात नाही. ज्यात मजा येते त्याला अभ्यास म्हणायचं त्यांच्या जिवावर येतं. ग्रंथाला त्यांनी कव्हर घातलंय ते सातबाराच्या फायलीचं.

काकू ओळखून आहेत. परवा कांदा चिरता चिरता म्हणाल्या, “काय वाचताय एवढं?”

“पीकपाण्याचं आहे. साळीचं शेत, राखणीला पोरगी...”

“बरं, मग?”

गुरुजींनी चष्मा पुसला. “पुढचं व्याकरण जरा अवघड आहे.”

“असू द्या की,” काकूंनी विळी बाजूला सारली. “सावकाश सांगा. मला कुठं परीक्षा द्यायचीय?”