मुक्काम रोकफोर

मनुष्यदेहात नाक आणि जीभ यांची घरे शेजारी शेजारी असली तरी दोघांचे एकमत झाल्याचे उदाहरण विरळाच. नाक हे जन्मजात सनातनी असून जीभ ही प्रकृतीनेच सुधारक आहे, आणि 1888 साली ‘सुधारक’ पत्र निघाल्यावर पुण्यात जे रण माजले, त्याची धाकटी आवृत्ती परमुलखात गेलेल्या प्रत्येक महाराष्ट्रीयाच्या चेहऱ्यावर, मिशीच्या थोडी वर व थोडी खाली, दर जेवणाच्या वेळी प्रसिद्ध होत असते. या वादातील अत्यंत तेजस्वी अंक मला दक्षिण फ्रान्समधील रोकफोर या गावी पाहावयास मिळाला, त्याची ही हकीकत.

सोबत माझे एक स्नेही, निवृत्त मामलेदार, आणि त्यांच्या पत्नी होत्या. मामलेदारसाहेबांचा सारा जन्म जमीनमहसुलात गेलेला असल्याने जगातील कोणतीही वस्तू तिचा उतारा पाहिल्यावाचून ते खरी मानीत नाहीत. वहिनींना उताऱ्याचे वेड नाही, त्या वस्तू तोंडात घालून पाहतात. दोघेही शाकाहारी, आणि ही बाब पुढे उपयोगी पडणार असल्यामुळे वाचकांनी ती दप्तरी दाखल करून घ्यावी.

आरंभी हॉलंडमध्ये नाकाने फारशी कुरकुर केली नाही. लायडनच्या चीजमध्ये जिरे असते आणि फ्रीसलंडच्या चीजमध्ये लवंग. ओळखीची माणसे भेटल्यामुळे मामलेदारांच्या नाकाने त्या पिवळ्या चकत्यांना बिनविरोध जातीत घेतले. शिवाय, ज्या डच कंपनीने मोलुक्का बेटांतील लवंगेचा मक्ता बळकावला तिचीच वखार सतराव्या शतकात वेंगुर्ल्यास होती, हे मी त्यांना सांगितले मात्र, नोकरीतली काही वर्षे वेंगुर्ल्यास काढलेल्या त्या गृहस्थांची आपला त्या चीजवर काही पूर्वापार हक्क लागतो अशी खात्रीच पटली. लिंबुर्गर पुढे आले तेव्हा मात्र नाकाने एकच शब्द उच्चारला: पायमोजे. दुर्दैवाने शास्त्र नाकाच्या बाजूचे निघाले. त्या चीजच्या सालीवरचे जीवाणू आणि मनुष्याच्या तळपायावरचे जीवाणू एकाच गोत्रातले असून मलेरियाचा डास दोन्ही वासांकडे ओढला जातो, असे डच संशोधकांनी 1996 च्या सुमारास दाखवून दिले, आणि त्याबद्दल 2006 साली त्यांना हसता हसता विचार करावयास लावणाऱ्या संशोधनासाठीचे इग्नोबेल पारितोषिकही मिळाले. मामलेदारांनी लिंबुर्गरचा अर्ज तेथल्या तेथे फेटाळला.

हॉलंड मागे टाकून आम्ही दक्षिण फ्रान्समध्ये आलो. माँपेलियेहून उत्तरेस निघाले की रस्ता लार्झाकच्या पठारावर चढतो. चुनखडीचा उघडा माळ, खुरटी झुडपे, आणि लाकोन जातीच्या मेंढ्या, ज्यांच्या अंगावर लोकर बेताची पण कासेला दूध चांगले. रोकफोर चीज होते ते याच मेंढ्यांच्या न तापवलेल्या दुधाचे. प्रदेश दिसावयास शांत असला तरी येथील मेंढपाळ वेळप्रसंगी किती अशांत होतात हे 1999 साली जगाला कळले: युरोपने संप्रेरके टोचलेल्या अमेरिकन गोमांसास बंदी केली, अमेरिकेने उट्टे काढण्यासाठी रोकफोरवर शंभर टक्के जकात बसविली, आणि याच पठारावरचा मेंढपाळ-पुढारी जोझे बोवे याने आपल्या मंडळींसह जवळच्या मियो शहरात बांधकाम चाललेले मॅकडोनाल्ड्सचे उपाहारगृह भरदिवसा उतरवून ठेवले. “विनापरवाना पाडकाम,” मामलेदार खिडकीबाहेर पाहत म्हणाले. पण त्यांच्या स्वरात मला किंचित आदर जाणवला.

रोकफोर हे गाव म्हणजे कड्याला पाठ लावून बसलेली एक लांबट वस्ती. गावाची खरी मालमत्ता जमिनीखाली आहे. कोंबालू नावाचा चुनखडीचा डोंगर फार प्राचीन काळी ढासळला, त्या ढिगाऱ्यात गुहा राहिल्या आणि गुहांना फटी राहिल्या. त्या फटींतून बारा महिने गार, ओला वारा श्वासासारखा आतबाहेर करतो, उष्णतामान 10 अंशांच्या आगेमागे राहते आणि हवेतील ओलावा शेकडा 95 च्या घरात. मनुष्याने येथे फक्त मजले पाडले आणि ओकाच्या फळ्या ठोकल्या. वहिनींनी शाल आणली होती. बुशशर्ट घालून आलेले मामलेदार तिच्या एका टोकास आश्रित म्हणून राहिले.

गुहा दाखविणारी तरुणी इंग्रजी उत्तम बोलत होती, आणि त्यामुळे तिची मामलेदारांच्या तपासणीतून सुटका होण्याचा एकमेव मार्ग बंद झाला. त्यांनी तिचा रीतसर जबाब घेतला. बुरशी कोठून येते? पूर्वी राय नावाच्या धान्याचे पाव भाजून या गुहांत ठेवीत, ते बुरशीने भरले की वाळवून त्यांची पूड करीत. चीजला सुयांनी भोके का पाडतात? बुरशीलाही श्वास घ्यावा लागतो म्हणून. किती दिवस ठेवतात? निदान 14 दिवस या गुहांत उघडे, मग कथिलाच्या पत्र्यात गुंडाळून थंडीत, आणि एकूण 90 दिवसांच्या आत विक्री नाही. मूळ शोध कोणाचा? येथे तिने दंतकथा सांगितली: एक मेंढपाळ गुहेत आपली भाकरी आणि दही ठेवून दिसलेल्या एका सुंदरीच्या मागे गेला, कित्येक दिवसांनी परतला तो दह्याला निळी-हिरवी बुरशी आलेली, आणि भुकेपोटी त्याने ते खाल्ले.

“भाऊजी, चीजचं काय झालं ते सगळे सांगतात,” वहिनी मला हळूच म्हणाल्या, “त्या पोरीचं काय झालं ते कोणीच सांगत नाही.”

दंतकथेने मामलेदारांचे समाधान होण्यासारखे नव्हतेच. त्यांना कागद हवा होता, आणि कागदाच्या बाबतीत रोकफोरइतके श्रीमंत खाद्य भूतलावर क्वचित असेल. 1411 साली सहाव्या शार्ल राजाने येथील गुहांत चीज पिकविण्याचा हक्क या गावच्या लोकांना सनदेने दिला. हा राजा इतिहासात वेडा म्हणून प्रसिद्ध असून मधूनमधून आपण काचेचे आहोत अशी त्याची समजूत होत असे. परंतु वेड्याने दिलेली ती सनद नंतरच्या शहाण्यांना मोडता आली नाही. 1666 साली तुलूझच्या न्यायसभेने तोतया रोकफोर विकणाऱ्यांस शासन ठरविले, 1925 साली खास कायदा झाला, आणि 1961 साली मियोच्या न्यायालयाने निवाडा दिला की कृती कोणी कोठेही करो, कोंबालूच्या नैसर्गिक गुहांत पिकलेल्या चीजलाच ते नाव लावता येईल. हे ऐकता ऐकता मामलेदार शालीतून बाहेर आले. सबंध युरोपच्या प्रवासात इतके प्रसन्न मी त्यांना पाहिले नव्हते.

मग ताटली आली. पांढऱ्याशुभ्र लोण्यासारख्या अंगात निळ्या-हिरव्या शिरा, आणि वास असा, की सनातनी पक्षाने तत्काळ सभात्याग करावा. मामलेदारांनी सुरी घेऊन हिरवा भाग खरवडण्यास आरंभ केला. शार्लमेन बादशहाने एका बिशपच्या घरी नेमके हेच केले, आणि ‘महाराज, टाकता आहात तोच भाग उत्तम’ असे बिशपने त्याला बजावले, अशी एका जुन्या बखरीतील कथा मी सांगितली. कथेत चीजचे नाव नाही. त्यामुळे रोकफोरवाले आणि ब्रीवाले दोघांनीही ती आपापल्या उताऱ्यावर चढवून घेतली आहे. बादशहाचा दाखला मिळताच सुरी थांबली. वाटणीचाही एक दस्तूर आहे: बुरशी मधल्या भागात दाट आणि कडेला विरळ असल्यामुळे टोक कापून घेणे असभ्य समजले जाते, आणि भावाभावांत जमीन वाटताना प्रत्येकास थोडे बागायत व थोडे जिरायत द्यावे, तशी प्रत्येक फाक मध्यापासून कडेपर्यंत कापावी लागते. ही वाटणी मामलेदारांनी इतकी बिनतक्रार करून दिली, की दाखविणाऱ्या तरुणीने त्यांना नमस्कारच केला.

चवीविषयी सांगावयाचे तर आधी मीठ येते, खणखणीत. ते ओसरते तो लोणी पसरते. आणि आता संपले असे वाटत असता त्या निळ्या शिरेतून तिखट नव्हे, कडू नव्हे, पण दोघांच्या वेशीवरचे असे काहीतरी वर चढून टाळूला टोचते. सोबत पिकलेले पेअर आणि अक्रोड असावेत. सोतेर्नची गोड वाइनही लोक घेतात आणि योग्यच करतात. थंडगार खाल्ले तर यातले निम्मेही कळत नाही, तासभर आधी बाहेर काढून ठेवावे लागते. वहिनींनी डोळे मिटून पहिला घास घेतला आणि उघडून तिसरा. मामलेदारांची जीभ पहिल्या घासालाच फितूर झाली. नाक मात्र हरकत नोंदवीतच राहिले. “हा काही अन्नाचा वास नव्हे,” ते म्हणाले, आणि आणखी एक तुकडा उचलला.

तेव्हा वहिनींनी शांतपणे पर्समधून पोटदुखीसाठी बाळगलेली हिंगाची डबी काढली आणि त्या तरुणीपुढे उघडली. जन्मापासून बुरशीच्या सहवासात वाढलेली ती मुलगी दोन पावले मागे सरली आणि अत्यंत सौजन्याने विचारती झाली, की हे औषध लावावयाचे असते की फवारावयाचे? “आमटीत घालतात,” वहिनी म्हणाल्या. नाकाचा युक्तिवाद तेथे संपला.

खटला येथेच निकालात निघावयाचा. परंतु सवयीचा गुलाम तो माणूस, मामलेदारांनी एक शेवटचा प्रश्न टाकला: दूध कशाने फाडतात? कोकराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने, असे उत्तर आले. ताटलीत दोन तुकडे शिल्लक होते. वहिनींची ताटली केव्हाच रिकामी झालेली होती. “अहो,” त्या म्हणाल्या, “तुम्ही विचारलंत कशाला?”

मामलेदार काही वेळ गंभीर झाले. नंतर त्यांनी निकाल दिला, की कोणताही हुकूम पोहोचल्या तारखेपासून अमलात येतो, पूर्वलक्षी प्रभावाने नव्हे. सदरहू दोन तुकडे हुकूम पोहोचण्यापूर्वी मंजूर होऊन ताटलीत जमा झालेले असल्यामुळे त्यांची विल्हेवाट जुन्या नियमानुसारच लावावी लागेल. ती त्यांनी लावली.

रोकफोरला जाणाऱ्या वाचकांनी शाल जरूर न्यावी, पेअर वाटेत विकत घ्यावे, आणि शाकाहारी असल्यास दूध कशाने फाडतात हा प्रश्न गावाच्या वेशीवरच विचारून घ्यावा. मामलेदारांच्या निकालावर अपील अद्याप कोणी केलेले नाही, पण तो निकाल टिकेलच अशी हमी मी देत नाही.