भुताचं काय अडलंय?

मराठी माणसाला भूत दिसलं की तो आधी बोंब मारतो आणि दम लागला की विचारतो, "काय पाहिजे बाबा तुला?" घरातल्या सगळ्यांनी मांडीला मांडी लावून बघायच्या आपल्या भुताटकीच्या सिनेमांचं सगळं गणित या दुसऱ्या प्रश्नात आहे. भूत कोण, कुठलं, ते पुढचं पुढे. त्याचं काय अडलंय ते कळलं की भीती निम्मी होते आणि उरलेल्या निम्म्यात विनोद मावतो.

आणि अडलेलं असतं काय? लग्न! 'पछाडलेला'मधला (२००४) इनामदार भुसनाळ्यांचा बाब्या भूत झाला तरी बापामागे लग्नाचाच धोशा लावून असतो. वीस वर्षांनी आदित्य सरपोतदारांचा 'मुंज्या' आला. मुंज झाली, पण सोडमुंज आणि लग्न व्हायच्या आत गेलेलं पोर मुंज्या होऊन झाडावर बसतं, ही कोकणातली जुनी समजूत. सिनेमातला मुंज्या कोकणातून थेट पुण्याला येतो, तोही मुलगीच मागायला. आमची आत्या वधूवर मेळाव्यांतली मुरलेली बाई. पडद्यावर तो मुंज्या दात विचकत होता, पोरं उशांमागे दडली होती आणि आत्या शांतपणे म्हणाली, "उंची बेताची आहे, पण कोकणात स्वतःचं झाड आहे म्हणजे बघ." त्यानंतर त्या मुंज्याला घाबरायची कुणाची छाती झाली नाही.

'झपाटलेला'तल्या तात्या विंचूची गोष्ट वेगळी. त्याला बायको नको, शरीर हवं असतं. महेश कोठारेंचा हा सिनेमा १९९३चा. बाहुल्यात शिरलेल्या खुन्याची कल्पना १९८८च्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकी सिनेमाशी जुळणारी. पण इथे येताना त्या बाहुल्याला कुबड्या खवीस नावाचा साथीदार मिळाला आणि पुढ्यात लक्ष्मीकांत बेर्डे उभे राहिले, तिथेच त्याची निम्मी दहशत गेली. शिवाय मंत्राच्या अटी! ज्याला पहिल्यांदा आपली ओळख सांगितली त्या लक्ष्याच्याच शरीरात शिरायचं, दुसरं चालणार नाही. जामीनदार बदलायची सोय गृहकर्जातसुद्धा असते.

बाहुला मात्र अस्सल होता. तो रामदास पाध्यांनी घडवलेला, म्हणजे ज्यांच्या अर्धवटराव या बोलक्या बाहुल्याला आम्ही टाळ्या वाजवत होतो त्याच घरातला. हसवणारा जबडा जसा हलतो तसाच धमकावणाराही हलतो, हे कळल्यावर धाकट्या बहिणीनं आपल्या बाहुलीची रवानगी बिस्किटांच्या डब्यात केली. त्या बाहुलीचा एक डोळा आडवं केलं तरी मिटत नसे, एवढाच तिचा अपराध. डब्यावर वरवंटा ठेवला गेला. पण झाकण लावण्यापूर्वी बहिणीनं एक काम चोख केलं: तात्या विंचू दोन भुवयांच्या मधोमध गोळी लागली तरच मरतो, म्हणून तिनं बाहुलीच्या नेमक्या त्या जागी लाल टिकली लावली. वेळ आली तर नेम चुकायला नको.

या सगळ्या भुतावळीचा हिशेब मांडला तर एक माणूस फिरून फिरून समोर येतो. १९८२च्या 'एक डाव भुताचा'मध्ये अशोक सराफ भूत आणि दिलीप प्रभावळकर त्याच्या तावडीत सापडलेले मास्तर. 'झपाटलेला'त तेच प्रभावळकर तात्या विंचू आणि त्याचा आवाजही. 'पछाडलेला'त तर स्वतःच भूत, इनामदार भुसनाळे. आणि २००६ साली 'लगे रहो मुन्नाभाई'त फक्त मुन्नाला दिसणारे गांधीजी! मास्तरकीपासून सुरुवात करून महात्मा होईपर्यंत, मधल्या पायऱ्या सगळ्या पिशाच्च योनीतल्या. चौऱ्याऐंशी लक्ष योनी म्हणतात त्यांतल्या बऱ्याचशा या एका नटानं मेकअपच्या खुर्चीत बसूनच उरकल्या असाव्यात.

सेन्सॉर बोर्डानं २०२४ साली 'यूए' प्रमाणपत्राचे सात, तेरा आणि सोळा वर्षं असे तीन भाग केले. आत्याच्या बोर्डाकडे असे भाग आधीपासून आहेत: जेवणाआधी बघण्याचं भूत, जेवणानंतर बघण्याचं भूत आणि 'सगळे आधी मोरीत जाऊन या, मग लावा' प्रकारचं भूत. रामसे बंधूंच्या हिंदी भयपटांतलं भूत या तिन्हींत बसत नाही. त्याच्याविषयी आक्षेप भीतीचा नाही. ते कुणाशी धड बोलत नाही आणि सिनेमातल्या बायका नको तेव्हा अंघोळीला जातात, असं आत्याचं लेखी नसलेलं मत आहे.

घरगुती भूत चारचौघांत बसवता आलं पाहिजे. त्याला बाप असावा, एखादा ओशाळलेला नातेवाईक असावा, आणि शेवटच्या दहा मिनिटांत मार्गी लागेल असं एक काम असावं. पोरं भुताला घाबरतात. मोठी माणसं त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघतात. मी तर ठेवलंच आहे. वरच्या मजल्यावरून आमच्या छतात झिरपणारं पाणी हा विषय सोसायटीच्या प्रत्येक सभेत 'पुढील बैठकीत घेण्यात यावा' या शेऱ्यासह पडून आहे. माझ्या हयातीत तो सुटेल असं चिन्ह नाही. तेव्हा पुढेमागे आमच्या सोसायटीच्या सभेला रिकाम्या खुर्चीतून कुणी खाकरलं, तर मांत्रिक बोलावू नका. हजेरीपटावर माझं नाव लिहा, निदान कोरम तरी पूर्ण होईल.