अर्धवेळ ग्रंथपाल, पूर्णवेळ कुलूप

कराडहून सांगलीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका हायस्कुलात चार पोलादी कपाटं आहेत. एक प्रयोगशाळेचं, तीन ग्रंथालयाची. प्रयोगशाळेचं उघडंच असतं. त्यात ॲसिडच्या बाटल्या आहेत. ग्रंथालयाच्या तिन्ही कपाटांना कुलूप असतं. त्यांत गोष्टीची पुस्तकं आहेत. पोरांना जास्त धोका कशापासून आहे, याबद्दल शाळेच्या मनात कसलाही गोंधळ नाही.

या तीन कपाटांचे धनी म्हणजे ग्रंथपाल सर. धनी आपलं म्हणायचं; किल्ल्यांचा जुडगा मोठ्या सरांच्या ड्रॉवरमध्ये असतो. ग्रंथपाल सर पुस्तकवेडे आहेत. बाहेर हा शब्द कौतुकाने वापरतात, शाळेत तो रोगाच्या नावासारखा वापरला जातो. स्टाफरूममध्ये कुणी उसाच्या दराचा हिशोब करतं, कुणी प्लॉटच्या गुंठ्यांचा, आणि हा माणूस खिडकीपाशी बसून पुस्तक वाचतो. तेही अभ्यासक्रमात नसलेलं. मग शिपाईमामा हमखास विचारतात, "सर, रिकामंच हायसा न्हवं?" शेजारी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेल्याला हे कुणी विचारत नाही. काय सांगावं, परिपत्रक आलेलं असायचं!

सर अर्धवेळ आहेत. शासनाचा हिशोब सरळ आहे. शाळेचा पट हजाराच्या वर असला तर पूर्णवेळ ग्रंथपाल, पाचशेच्या वर असला तर अर्धवेळ, आणि त्याखाली कुणी नाही. पाचशेच्या आतली पोरं पुस्तकांवाचून वाढतात, असं बहुधा कुठल्या तरी समितीच्या ध्यानात आलं असावं. त्यामुळे प्रवेशाच्या दिवसांत सर उन्हातान्हात वाड्यावस्त्यांवर पोरं शोधत हिंडतात. पट घसरला की पद गेलं. वाचकांसाठी एवढी वणवण करणारा ग्रंथपाल जगात दुसरीकडे सापडायचा नाही. पगार अर्धा, पण दाखल नोंदवहीतली चार हजारांवर पुस्तकं मात्र सगळीच्या सगळी सरांच्या नावावर.

कुलपाचं मूळ या नोंदवहीत आहे. बेंच, घंटा, ग्लोब, सतरंज्या यांच्या जोडीला पुस्तक हीसुद्धा शाळेची मालमत्ता. बेंच मोडतं, सतरंजी फाटते, त्यावर कुणी काही बोलत नाही. पुस्तक मात्र हरवतं. तपासणीत एक जरी कमी भरलं, तर त्याची किंमत अर्ध्या पगारातून वळती होते. वाचायला दिलेलं पुस्तक परत न येण्याची भीती असते, न दिलेल्या पुस्तकाला ती नाही. एवढं गणित जमायला बीएड लागत नाही.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेने आयर्विन पुलापाशी सत्तावन्न फुटांच्या वर मजल मारली. सांगलीच्या नगर वाचनालयात पाणी शिरलं आणि हजारो पुस्तकं भिजली. सर त्या बातमीने आठवडाभर बेचैन होते. स्टाफरूममधल्या एका जाणत्या सहकाऱ्याने त्यांची समजूत घातली ती अशी: "पुराचं बरं असतं सर. पंचनामा होतो, पुस्तक रीतसर निर्लेखित होतं. पोराने नेलेल्या पुस्तकाचा पंचनामा कोण करणार?" म्हणजे सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत पुस्तकाला दोन शत्रू. त्यांतल्या कृष्णामाईला सरकारी फॉर्म आहे, वाचकाला नाही.

कायदा तर पुस्तकांच्याच बाजूचा आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला ग्रंथालय सांगितलेलं आहे. वर्तमानपत्रं, मासिकं आणि सर्व विषयांवरची पुस्तकं पुरवणारं, अगदी गोष्टीच्या पुस्तकांसह. कपाट उघडं ठेवून पुरवावीत असा उल्लेख मात्र त्यात नाही. कायद्यातली ही फट ज्यांनी शोधली, त्यांनी कायदा नीट वाचला असणार. वाचनसंस्कृती लयाला गेली म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेत सरांना रंगनाथन यांचे पाच नियम आले होते. रंगनाथन मूळचे गणिताचे मास्तर. १९२४मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१मध्ये त्यांनी हे नियम पुस्तकरूपात मांडले. त्यातला पहिलाच नियम पुस्तक वापरासाठी असतं, असं सांगतो. उत्तराला सरांना चांगले मार्क पडले. नोकरीत तो धडा अजून कामी यायचा आहे.

दर हिवाळ्यात शाळेची सहल निघते. एसटीची लाल गाडी साताऱ्यावरून वाईला येते. वाईत ढोल्या गणपतीचं दर्शन, घाटावर डबे, मग पसरणीचा घाट. याच वाईतून मराठी विश्वकोशाचे वीस खंड निघाले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी इथं बसून त्याची घडी बसवली आणि पहिला खंड १९७६मध्ये बाहेर आला, हे सर दरवर्षी गाडीत उभं राहून सांगतात. त्या वेळी गाडीत अंताक्षरी "म"वर आलेली असते. शाळेतही विश्वकोशाचे काही खंड आहेत. दुसऱ्या कपाटात, वरच्या फळीवर, डांबराच्या गोळ्यांच्या सान्निध्यात. उंची सारखी असल्याने ते ओळीत छान दिसतात.

घाट चढून पाचगणी ओलांडली की भिलार. स्ट्रॉबेरीचं गाव. ४ मे २०१७पासून पुस्तकांचं गावही. मुख्यमंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन झालं, पंचवीस ठिकाणी मिळून पंधरा हजारांच्या आसपास पुस्तकं मांडली गेली. घराच्या पडवीत, देवळात, शाळेत. कुणीही यावं, बसावं, वाचावं, पैसे पडत नाहीत. सर इथं आले की त्यांच्या चेहऱ्यावर माहेरवाशिणीचं तेज येतं. सहलीच्या वेळापत्रकात स्ट्रॉबेरी क्रीमला दीड तास आणि भिलारला वीस मिनिटं असतात. वीसपैकी बारा मिनिटं फलकासमोरच्या फोटोत जातात, कारण तीन तुकड्यांचे वेगवेगळे फोटो लागतात. उरलेल्या आठांत सर एका घराच्या ओसरीवर टेकतात आणि एसटीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवतो.

भिलारची कल्पना आली वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून. जुन्या पुस्तकांच्या दुकानांनी भरलेलं गाव. त्याच्या शेजारी, इंग्लंडच्या हद्दीत, हेरफर्ड नावाचं शहर आहे. तिथल्या कॅथेड्रलमध्ये पुस्तकं साखळीने फळीला बांधून ठेवलेली आहेत. छापखाना नव्हता, पुस्तक सोन्याच्या मोलाचं होतं, तेव्हापासूनची ही रीत. आपल्या लोकांनी हे-ऑन-वाय बघून भिलार केलं, एवढंच सगळ्यांना माहीत आहे. हेरफर्डलाही कुणीतरी जाऊन आलं असावं, हे आपल्या हायस्कुलांतली कपाटं बघितल्यावर पटतं. फरक एकच: हेरफर्डची साखळी पुस्तक फळीजवळच्या मेजावर उघडून वाचता येईल इतकी लांब आहे.

पुस्तकवेड्याने शाळेत नोकरी करणं या मुलखाला नवीन नाही. वि. स. खांडेकर सांगलीत जन्मले आणि १९२०मध्ये शिरोड्याच्या शाळेत मास्तर म्हणून गेले, ते अठरा वर्षं तिथं राहिले. शिकवता शिकवता लिहीत गेले. पुढे १९७४चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं, मराठीतलं पहिलं. मुंबईत नारायण सुर्वे महापालिकेच्या शाळेत शिपाई होते, १९६१मध्ये त्याच खात्यात शिक्षक झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांचा पहिला कवितासंग्रह आला. ही नावं घेऊन सरांना धीर द्यायला गेलं, की सर शांतपणे विचारतात, "त्यांना यू-डायस भरायला होता का?"

नव्हता. तांदळाच्या रिकाम्या पोत्यांचा हिशोब नव्हता, मतदारयादीचं काम नव्हतं, ऑनलाइन माहिती भरताना चार वाजता बसणारा सर्व्हरही नव्हता. आमच्या सरांना हे सगळं आहे, वर बदली तास आहेत. कुणी रजेवर गेलं की "ग्रंथपालांना पाठवा, मोकळेच असतात". त्यामुळे सर आठवड्यात भूगोल, चित्रकला, एकदा तर मुलींच्या खोखोचाही तास घेतात. ग्रंथालयाचा तास वेळापत्रकात शुक्रवारी शेवटचा आहे. त्या वेळेत गणिताचा जादा तास असतो.

मास्तरला शिकवण्याखेरीज सगळं करावं लागतं, हे दुःख मराठीत पहिल्यांदा कुणी मांडलं असेल तर व्यंकटेश माडगूळकरांनी. "बनगरवाडी" १९५५मध्ये आली. समीक्षक तिला माणदेशी जीवनाची कादंबरी म्हणतात. स्टाफरूममधला कुणीही वाचेल तर ती अशैक्षणिक कामांचा अहवाल आहे हे चटकन ओळखेल. एकशिक्षकी शाळेवरचा तो पोरसवदा मास्तर धनगरांची पत्रं लिहितो, भांडणं निस्तरतो आणि गावाला तालीम बांधून द्यायच्या मागे लागतो. फक्त त्याला त्याचे फोटो अपलोड करावे लागत नाहीत.

फोटोचा दिवस म्हणजे १५ ऑक्टोबर. डॉ. कलामांचा वाढदिवस, महाराष्ट्रात २०१५पासून तो वाचन प्रेरणा दिन. शाळेतली कपाटं तुळशीच्या लग्नासारखी मुहूर्तावर उघडतात, त्यातला हा मोठा मुहूर्त. बाकीचे दोन म्हणजे २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आणि ७ नोव्हेंबरचा विद्यार्थी दिन. १९००च्या ७ नोव्हेंबरला भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव साताऱ्याच्या शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, दाखल झालं. रजिस्टरातला त्याचा नंबर १९१४. ते रजिस्टर आजही जपून ठेवलेलं आहे. त्या मुलाने पुढे दादरला घर बांधलं तेच मुळी पुस्तकांना जागा हवी म्हणून. विद्यार्थी दिनाला पोरं त्याच्यावर भाषणं करतात आणि त्यासाठी ग्रंथालयातलं एकच पुस्तक हातोहात फिरतं: "भाषणे कशी करावीत" छापाचं.

तर गेल्या १५ ऑक्टोबरला हॉलमध्ये बाकं जोडून त्यांवर पांढऱ्या चादरी घातल्या गेल्या. सरांनी सकाळी सातपासून पुस्तकं मांडली. चित्रकलेच्या सरांनी त्यांतल्या काहींचा कमळाच्या पाकळ्यांसारखा आकार केला, त्यामुळे हात लावायला बंदी आली. मग फोटोसाठी सातवीतल्या दहा मुली निवडल्या. प्रत्येकीच्या हातात एक पुस्तक, माना खाली, चेहऱ्यावर गोडी. मोठ्या सरांचा मोबाइल, मागे फळ्यावर तारीख. पहिला फोटो हलला. दुसऱ्यात पंख्याने चादर उडाली. तिसऱ्यासाठी "आता सगळ्यांनी इकडं बघा" म्हटल्यावर नऊ मुलींनी वर बघितलं. दहावीने बघितलं नाही.

"ए, कुठं लक्ष आहे तुझं?"

मुलगी वाचत होती.

हशा झाला, फोटो झाला, अहवाल गेला. दुसऱ्या तासाला पुस्तकं मोजून आत गेली. मधल्या सुट्टीत ती मुलगी ग्रंथालयाच्या दाराशी येऊन उभी राहिली. "सर, माझं अकरा पानांपर्यंत झालंय. फुडचं बघू का?" पुस्तक होतं "बनगरवाडी". सरांनी मोठ्या सरांकडून किल्ली मागून आणली, कारण विचारल्यावर "एक राहिलंय मोजायचं" असं सांगितलं. पुस्तकाच्या मागच्या बाजूला देय दिनांकाची पट्टी चिकटवलेली होती. तिच्यावर एकच शिक्का होता, २०११चा. सरांनी शिक्क्याच्या चाकावरची तारीख बसवली, शाई वाळली होती म्हणून दोन थेंब पाणी घातलं आणि दाबला. नोंद स्वतःच्या नावावर केली. दिवाळीच्या सुट्टीत पुस्तक हरवलं, तर पैसे निदान वाचल्याचे गेले असं त्यांना म्हणता आलं असतं.

सुट्टीनंतर पुस्तक परत आलं. वर खाकी कव्हर, त्यावर नाव, इयत्ता, तुकडी. सरांनी विचारलं, कसं वाटलं? मुलगी म्हणाली, आजीला वाचून दाखवलं. आजी आटपाडीकडची, तिला लिहिता-वाचता येत नाही. पण सगळं समजलं म्हणाली. आणि काय म्हणाली? मुलगी जरा लाजली. मग आजीचाच आवाज काढून म्हणाली, "मास्तर लई राबतोय गं, पर शिकवतोय कवा?"

आजीचा हा अभिप्राय वाचन प्रेरणा दिनाच्या अहवालात घालायची सरांची फार इच्छा होती. पण फॉर्ममध्ये तसा रकाना नाही, आणि लिंक १५ तारखेला संध्याकाळीच बंद झाली होती.

वाचकहो, तुमचं पोर ज्या शाळेत जातं तिथं येत्या १५ ऑक्टोबरला जाऊन या. पुस्तकं किती आहेत हे विचारू नका, आकडा तोंडपाठ असतो. कमळातली एक पाकळी हळूच उचला, पुस्तक मागून उघडा आणि पट्टीवरचा शेवटचा शिक्का कितव्या सालचा आहे तेवढं बघा. कुणी हटकलंच तर सांगा, एक राहिलंय मोजायचं.