ही ती रेघ नव्हे

लग्नानंतर दर संकष्टीला चंद्र दिसला रे दिसला की साताऱ्याहून सासूबाईंचा फोन. "काय गं, काही विशेष?" "नाही हो आई," म्हणून मी फोन ठेवायचे. गोळ्यांचं पाकीट गोड्या मसाल्याच्या बरणीमागे निवांत असायचं. यंदा दिवाळीनंतर आम्ही गोळ्या बंद केल्या, आणि नेमकं तेव्हाच सासूबाईंनी विचारणं सोडलं. मुहूर्त चुकवण्यात आमच्या घराण्याचा हात कोण धरणार!

गोळ्या चालू असताना पाळी कशी 28 दिवसांनी हजर! मला त्याचा केवढा अभिमान. डॉक्टरीणबाईंनी तो पार उतरवला. म्हणाल्या, ती खरी पाळी नव्हेच. पाकिटात 21 गोळ्या हार्मोनच्या, 7 लोहाच्या. हार्मोन थांबलं की रक्तस्राव होतो, एवढंच. म्हणजे तो वक्तशीरपणा औषध कंपनीचा! आता कारभार माझ्या अंडाशयांकडे आलाय आणि त्यांना कसली म्हणून घाई नाही.

बाईंनी रोज 400 मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड दिलं आणि म्हणाल्या, "वर्षभर वाट बघा." पस्तिशी उलटली असती तर सहा महिन्यांतच बोलावलं असतं म्हणे. नवऱ्याने लगेच एक्सेलची शीट उघडली. स्त्रीबीज जेमतेम 12 ते 24 तास टिकतं, शुक्राणू पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात, हे वाचल्यापासून तो घरात जरा छाती काढूनच वावरतो.

र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं तेव्हा लोकांनी त्यांना काय नाही ऐकवलं! पण मूल हवंय हेसुद्धा चोरूनच ठेवावं लागतं, ते कुणाला सांगायचं?

मग ओव्ह्युलेशनच्या पट्ट्या आणल्या. गरोदरपणाच्या चाचणीत पुसट रेघही चालते. इथे दुसरी रेघ पहिलीइतकी गडद लागते. तशी झाली की साधारण दीड दिवसात बीज सुटणार. एका सकाळी ती गडद झाली. नवऱ्याने ऑफिसला कळवलं, ताप आहे. दुपारी बेल वाजली. पंढरपूरला निघालेले मामा, वळकटीसकट, मुक्कामाला! आमचा वन बीएचके. मामांना झोप कमी, रात्रभर पाणी प्यायला उठतात आणि प्रत्येक वेळी आमच्या दाराशी येऊन विचारतात, "ताप उतरला का रे?"

दुसऱ्या दिवशी कचरा काढताना मावशींना पट्टी सापडली. दोन ठसठशीत रेघा. मावशी सासूबाईंच्याच गावच्या. भांडी तशीच टाकून त्यांनी आधी फोन लावला.

संध्याकाळी, संकष्टी नसताना, सासूबाई फोनवर! "गोड खावंसं वाटतंय की आंबट?"

"आई, ही ती रेघ नव्हे. ह्या रेघेचा अर्थ, आज रात्री..."

पुढचं वाक्य सासूबाईंना सांगण्याजोगं नव्हतं. बाहेर मामा कान देऊन बसलेले.

"गोड," मी म्हटलं.