कागदाला चढलेला गंज

हल्ली नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की गणपतीच्या पाठोपाठ भिंतीवर मांजर येतं. काळंकुट्ट, पिवळे डोळे वटारलेलं, डोक्यामागे संतांसारखं लाल वलय. यजमान सांगतात, ‘व्हिंटेज आहे. फ्रेंच.’ पाहुणे मान डोलावतात. फ्रेंच दोघांनाही येत नाही, हे दोघांच्याही पथ्यावर पडतं. कारण मजकूर एवढाच आहे की, रोदोल्फ सालिस आपले कवी, संगीतकार आणि सावल्यांचे खेळ घेऊन लवकरच येत आहेत! चित्र स्टाइनलेनचं, १८९६ सालचं. पुढच्याच वर्षी सालिस वारले, पॅरिसच्या माँमार्त्रमधलं त्यांचं ‘शा न्वार’ (म्हणजे ‘काळं मांजर’) हे कॅबरेही बंद पडलं. दौरा रद्द झाल्याची खबर कोथरूडला अजून पोचलेली नाही.

असली पोस्टरं दगडावरून स्वस्त कागदावर छापत आणि खळीने भिंतीला डकवत. पाऊस लागला की लोंबायची, मग त्यांच्यावर दुसरं काहीतरी चिकटायचं. ‘जाहिराती लावू नयेत, कायदा २९ जुलै १८८१’ ही ताकीद पॅरिसच्या जुन्या भिंतींवर आजही दिसते. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी त्याच बाण्याचे. कंपाउंडवर नाटकाचं पोस्टर दिसलं की वॉचमनला बादली-खराटा घेऊन पिटाळतात. त्यांच्या दिवाणखान्यात मात्र तूलूझ-लोत्रेकचं ‘मूलाँ रूज’ आहे. तेही नाचाच्या कार्यक्रमाचंच पोस्टर, पण मांजरासारखंच पत्र्यावर छापलेलं, म्हणून कला.

पत्र्याच्या कामाला नावं ठेवायला जागा नाही. चित्र आधी खास कागदावर छापतात, लेप दिलेल्या ॲल्युमिनियमवर पालथं घालून दोनशे अंशांच्या आसपास तापवून दाबतात. शाईची वाफ होऊन ती लेपात मुरते. ओल्या फडक्याने खुशाल पुसा. स्टाइनलेन १९२३ सालीच गेले, त्यामुळे स्वामित्वहक्काचे पैसेही कुणाला द्यायला नकोत. विक्रेत्यांचं मार्जारप्रेम इथून येतं.

माझी तक्रार कोपऱ्यांबद्दल आहे. तिथे गंज असतो. छापलेला. तांबूस ओघळ, खिळ्यांची भोकं (हीसुद्धा छापलेलीच) आणि बरोब्बर मधोमध कागदाची घडी. म्हणजे जे चित्र जन्मभर कागदावर राहिलं त्याला गंज चढला, आणि जो पत्रा कधी दुमडला नाही त्याला घडी पडली. सेक्रेटरींच्या नर्तकीच्या उजव्या कोपऱ्यात जो ओघळ आहे, तोच हुबेहूब आमच्या शेजाऱ्यांच्या मांजराच्या उजव्या कोपऱ्यात आहे. दोन्ही चित्रांत पाच वर्षांचं अंतर, पण गंज जुळा.

तेव्हा खरेदीला जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. चिकटला नाही तर ॲल्युमिनियम; त्याला तांबूस गंज चढायचा नाही, छापलेल्यावरच समाधान माना. चिकटला तर साधा लोखंडी पत्रा. अस्सल गंजाचीच हौस असेल तर हाच घ्या, स्वस्तही पडेल. आणि दोन पावसाळे रत्नागिरीला कुणाच्या तरी उघड्या पडवीत टांगून ठेवा.